माघारीची मुभा : एका व्हिडिओच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार. टिळकवाडी, बेळगाव

आज वही घातली. काम ठरले ते असे, की अर्ध्या तासाचा एक मराठी व्हिडिओ तयार करायचा आणि त्यात स्वतंत्र संगीतकारांचे अल्बम, व्हिडिओ संकलनाची सॉफ्टवेअरे आणि डावपेचांचे खेळ या तीन गोष्टींविषयीची माझी मते मांडायची. गल्लीतल्या वाचनालयात प्रोजेक्टर आहे आणि कार्यवाहांनी गणपतीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळची वेळ देऊ केली आहे. गणपती २७ ऑगस्टला, म्हणजे हातात दहा आठवडे आहेत.

भाच्याने पहिल्याच बैठकीत शंका काढली. "मामा, तीन विषयांची खिचडी कशाला? एकच घे की." त्याचे म्हणणे चुकीचे नाही. तिन्हींना जोडणारा धागा मला जाणवतो, पण तो नेमक्या शब्दांत अजून सांगता येत नाही. तूर्त एकच नियम केला आहे : जी गोष्ट शेवटपर्यंत वापरली, तिच्याविषयीच बोलायचे. अल्बम असेल तर तो अथपासून इतिपर्यंत किमान दहा वेळा ऐकलेला असावा, खेळ असेल तर तो पुरा केलेला किंवा पुरता हरलेला असावा, आणि सॉफ्टवेअर असेल तर त्यातून निदान एक पूर्ण व्हिडिओ बाहेर काढलेला असावा. हा नियम लावताच अकरा अल्बमांच्या यादीत तीनच उरले. उरलेल्या आठांवर मी आजवर चारचौघांत बरेच ऐकवले आहे, याची थोडी लाज वाटली.

साहित्य : मोबाइल, कॉलरला लावायचा माइक, आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप. घर मंगळुरी कौलांचे आणि तिसऱ्या रेल्वे गेटाच्या हाकेवर, त्यामुळे वरून पाऊस आणि बाजूने गाडी अशी दुहेरी कसरत करावी लागणार.

१९ जून, गुरुवार

अल्बमांच्या भागाची संहिता लिहिली. तिन्हींची निवड सांगितली तर ती विचित्र वाटेल, म्हणून कारणे इथेच लिहून ठेवतो.

पहिला इंडियन ओशनचा '१६/३३० खजूर रोड'. दिल्लीच्या करोल बागेतील ज्या जुन्या घरात हा वाद्यवृंद वर्षानुवर्षे सराव करीत असे, त्या घराचा पत्ताच अल्बमचे नाव झाला. जुलै २०१० पासून त्यांनी त्यातील गाणी महिन्याला एक या हिशेबाने इंटरनेटवर विनामूल्य दिली. डिसेंबर २००९ मध्ये त्यांचे गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती गेले होते, आणि अल्बममध्ये त्यांचा आवाज आहे. हे माहीत नसताना मी तो ऐकला तेव्हा 'चांगला आहे, मध्ये थोडा रेंगाळतो' असे माझे मत होते. कळल्यावर ऐकला तेव्हा रेंगाळण्याच्या जागा त्याच होत्या, पण त्या कापाव्यात असे वाटेना. आता यात संगीताचे श्रेय किती आणि माझ्या माहितीचे किती, हे वेगळे काढता येत नाही, आणि संहितेत मी तसेच लिहिले आहे. गुण देण्यापेक्षा हे कबूल करणे बरे.

दुसरा 'पॉलिगोंडवानालँड', ऑस्ट्रेलियाच्या किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड या बँडचा. त्या बँडने २०१७ या एका वर्षात पाच अल्बम काढले, त्यातला हा नोव्हेंबरमध्ये आलेला चौथा. तो त्यांनी नुसता फुकट दिला असे नाही, तर मूळ ध्वनिफिती सर्वांसाठी खुल्या ठेवून 'कॅसेट काढा, सीडी काढा, तबकड्या छापा' असे सांगून टाकले. छोट्या छोट्या कंपन्यांनी आणि हौशी लोकांनी जगभर त्याच्या आवृत्त्या काढल्या. पहिलेच गाणे जवळजवळ पावणेअकरा मिनिटांचे असून त्यातील ताल सतत आपली मात्रा बदलतो. भजनातल्या ठेक्याची सवय असलेल्या कानाला सम कुठे येते ते शोधायला मला पाच-सहा बैठका लागल्या. माझे मत असे, की या अल्बमची कीर्ती त्याच्या फुकटपणामुळे झाली आणि तो त्या कीर्तीपेक्षा चांगला आहे.

तिसरा बेन प्रंटी यांचे 'एफटीएल' या अवकाशजहाजाच्या खेळासाठीचे संगीत. हा अल्बम संगीताच्या भागात घ्यावा की खेळांच्या, यावर अर्धा तास गेला. संगीतातच घेतो. त्यात बहुतेक रचना जोडीने येतात : एक शांत प्रवासाची आणि दुसरी तीच चाल पण लढाईची, तालवाद्ये वाढवलेली. खेळात शत्रूचे जहाज समोर आले की पहिलीतून दुसरी हळूच वर येते आणि लढाई संपली की ओसरते. अल्बम म्हणून ऐकताना मात्र त्या दोन्ही एकापाठोपाठ एक ऐकाव्या लागतात, आणि तिथे थोडा कंटाळा येतो हे लपवण्यात अर्थ नाही.

बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळाबद्दल एकच वाक्य ठेवले : २००८ मध्ये सुरू झालेल्या या ठिकाणी कलाकार स्वतः किंमत लावतो आणि डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के वाटा ठिकाण घेते. अधिक लिहिले तर व्याख्यान होईल.

२८ जून, शनिवार

ज्याची वाट पाहत होतो ती ओळ आज 'बॅटल फॉर वेस्नॉथ'ने दिली.

हा २००३ पासूनचा, मुक्त परवान्याचा, षट्कोनी घरांच्या पटावरचा खेळ आहे. त्यात भूप्रदेशाला फार किंमत. साधा भालेकरी मोकळ्या माळावर उभा असेल तर त्याच्यावरचा वार चुकण्याची शक्यता ४० टक्के, गावात शिरला तर ६० आणि उथळ पाण्यात अडकला तर फक्त २०. शिवाय दिवसरात्रीचे सहा प्रहर फिरत असतात, आणि माणसांच्या सैन्याचा बराचसा भाग दिवसा २५ टक्क्यांनी जबर तर रात्री तितकाच दुबळा होतो. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याकडच्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभे राहून खालचा मुलूख दाखवला की पुरे, म्हणून त्या भागासाठी गडावर जाऊन चित्रीकरण करायचे ठरले.

पण मुद्दा हा नाही. भाचा खेळत होता आणि मी शेजारी बसलो होतो. त्याने घोडेस्वार पुढे नेला, मनाला पटले नाही म्हणून चाल मागे घेतली, दुसरीकडे नेला, पुन्हा मागे घेतली. तिसऱ्यांदा त्याने स्वार धुक्याने झाकलेल्या, न दिसणाऱ्या मुलखात घातला, तिथे दबा धरून बसलेली शत्रूची तुकडी दिसली आणि माघारीची कळ चालेनाशी झाली. "आता घेऊ देत नाही की!" म्हणून त्याने माझ्याकडे पाहिले. मी खेळाचा हा नियम कित्येक वर्षे जाणतो, पण त्याचा अर्थ आज लागला. चाल मागे घेता येते, मात्र तिने तुम्हाला काही नवे दाखवले असेल, किंवा फासा पडला असेल, तर येत नाही. पाऊल मागे घेण्याची मुभा आहे, कळलेले विसरण्याची नाही.

याच कसोटीवर बाकीचे खेळ लावून पाहिले. 'इनटू द ब्रीच'मध्ये आठ बाय आठचा पट, आपली तीन यंत्रे, आणि शत्रू पुढच्या खेपेला कोणावर वार करणार हे आधीच उघड दाखवलेले असते. तिथे पूर्ण खेप नव्याने खेळण्याची मुभा प्रत्येक लढाईत फक्त एकदा मिळते. माझ्या मते ती एक संधी हा त्या खेळातला सर्वांत चांगला विचार आहे, कारण ती वापरायची की राखायची हाच एक डाव होऊन बसतो. मी ती बहुतेक वेळा राखतो आणि न वापरताच लढाई संपते. आईने कपाटात जपून ठेवलेल्या पैठणीसारखे. 'एफटीएल' तर माघार देतच नाही. जहाज फुटले की सगळे संपले, पहिल्यापासून सुरुवात. हे दोन्ही खेळ सबसेट गेम्स या एकाच छोट्या चमूचे असून दोन्हींचे संगीत प्रंटी यांचेच आहे.

म्हणजे धागा मिळाला : कोणती गोष्ट किती मागे जाऊ देते. अल्बम छापून बाहेर पडला की माघार नाही, सॉफ्टवेअरमध्ये माघारच माघार, आणि खेळ या दोन्हींच्या मधला. व्हिडिओचे नाव 'माघारीची मुभा'.

भाच्याच्या सूचनेवरून हाच नियम आमच्या कामालाही लावला. निवेदनाचा एखादा भाग आम्हा दोघांखेरीज तिसऱ्याने ऐकला, की तो पुन्हा ध्वनिमुद्रित करायचा नाही. तोवर हवे तितक्या वेळा करावा. उत्साहाच्या भरात केलेला हा नियम महागात पडेल असे मला तेव्हाच वाटले होते, पण मुलाच्या कल्पनेला लगेच नाही म्हणवले नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. सकाळपासून गल्लीत दिंडी, टाळ-मृदंग आणि शेजारच्या स्पीकरवर अभंग, त्यामुळे ध्वनिमुद्रणाचा प्रश्नच नव्हता. साबुदाण्याची खिचडी खाऊन दिव्यांची चाचणी घेतली. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने कित्येक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. मोबाइलचा शटर आपोआप ठरू दिला की चित्रात काळसर पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) आणि शटर सेकंदाचा पन्नासावा भाग असे हाताने बांधून दिल्यावर पट्टे गेले.

१३ जुलै, रविवार

काल पावसाने उसंत दिली तेव्हा राजहंसगडावरचे चित्रीकरण उरकले. आज सॉफ्टवेअरांचा भाग. इथे मते कडक होण्याची भीती असते, कारण माणूस ज्या साधनावर शिकतो त्याची बाजू तो घरच्यासारखी घेतो.

मी केडेनलाइव्हवर शिकलो. २००२ मध्ये सुरू झालेला आणि पुढे केडीई या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या समुदायात वाढलेला हा मुक्त प्रकल्प आहे. त्याची मला आवडणारी गोष्ट जाहिरातीत कोणी सांगणार नाही अशी आहे : त्याची प्रकल्प-फाइल साध्या मजकुराची असते. ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की कोणती क्लिप कोणत्या चौकटीपासून कोणत्या चौकटीपर्यंत घेतली आहे, ते वाचता येते. तिथेच लक्षात येते की आपण ज्याला 'कापणे' म्हणतो ते कापणे नसतेच. मूळ चित्रफीत जशीच्या तशी पडून असते आणि आपण फक्त 'इथून इथवर दाखव' अशी चिठ्ठी लिहीत असतो. जुन्या संकलकाला फिल्म खरोखर कापून चिकटवावी लागे, तेव्हा कात्री लावण्यापूर्वी तो विचार करी. आम्ही कात्री लावतो आणि मग विचार करतो.

केडेनलाइव्हमध्ये केलेल्या बदलांची यादी पडद्यावर एका बाजूला दिसते आणि तिच्यातल्या कोणत्याही पायरीवर परत जाता येते, पण प्रोग्राम बंद केला की ती यादी पुसली जाते. याला मी दोष म्हणत नाही. रात्री काम थांबवताना 'आज जे ठरले ते ठरले' असे आपोआप होते आणि सकाळी डोके ताजे असते.

शॉटकट हे संकलनाचे सॉफ्टवेअर केडेनलाइव्हच्याच एमएलटी या तांत्रिक पायावर उभे आहे, मांडणीने अधिक सुटसुटीत आहे आणि नव्या माणसाला मी तेच सुचवीन. दा विंची रिझॉल्व्ह रंगदुरुस्तीत या दोघांच्या कितीतरी पुढे. कधीकाळी लाखो डॉलर मोजून बड्या स्टुडिओंनी घेतलेली ही यंत्रणा ब्लॅकमॅजिकने २००९ मध्ये दा विंची सिस्टिम्स विकत घेतल्यानंतर हळूहळू सर्वसामान्यांच्या संगणकावर आली, आणि तिची एक आवृत्ती विनामूल्य मिळते. माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपावर मात्र हत्तीला अंगणात बांधल्यासारखे होते.

मराठी अक्षरांची चाचणी घेतली ती सर्वांत उपयोगी ठरली. गडावरच्या चित्रावर 'डोंगर, जंगल, दऱ्या' अशी अक्षरे हवी होती. एका सॉफ्टवेअरमध्ये ती उमटली 'डोंगर, जंगल, दर्या' अशी. त्या अर्ध्या र ने दऱ्यांचा समुद्र केला आणि येळ्ळूरच्या माळाला अरबी समुद्र आणून भिडवला. भाचा पोट धरून हसला. केडेनलाइव्हच्या शीर्षक-साधनात तोच मजकूर त्याच फॉन्टमध्ये बरोबर उमटला. समीक्षकांच्या गुणपत्रिकेत 'दऱ्या नीट दिसतात काय' हा रकाना कधीच नसतो, आणि आपल्यासाठी तोच पहिला असायला हवा.

आणखी एक अडचण सुटली. मोबाइलने घेतलेल्या लांब चित्रीकरणात शेवटी शेवटी ओठ आणि आवाज जुळेनात. मोबाइल सेकंदाला ठरावीक चौकटी घेत नाही, उजेड आणि स्वतःवरचा भार पाहून तो त्या कमीजास्त करतो, म्हणून हा घोळ होतो. हँडब्रेक या चित्रफितींचे रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून सर्व फिती स्थिर चौकटसंख्येच्या करून घेतल्या. दोन रात्री लॅपटॉप घुरघुरत होता.

२२ जुलै, मंगळवार

काल रात्री साडेअकरानंतर निवेदन. पाऊस थांबला होता, पंखा बंद, खिडकीला गोधडी. पहिले दोन भाग तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात जमले. खेळांच्या भागात 'एफटीएल माघार देत नाही' हे वाक्य संपताच गाडीची लांबलचक शिट्टी झाली, आणि ती इतकी जागेवर पडली की आम्ही दोघे गप्प राहिलो. ठेवली.

सकाळी तिन्ही भाग आमच्या कन्नड शिकवणाऱ्या सरांना ऐकवले, कारण कन्नड उपशीर्षके ते करणार आहेत. म्हणजे तिसऱ्याने ऐकले. नियमाप्रमाणे निवेदन बंद.

२ ऑगस्ट, शनिवार

भीती होती तेच झाले. उपशीर्षके लिहिताना सरांनी फोन केला. "एफटीएल कुठल्या सालचा म्हणालात तुम्ही? तुमच्या कागदावर दोन हजार बारा आहे, आवाजात चौदा आहे बघा." ऐकून पाहिले. खरोखर मी '२०१४' म्हणालो आहे. खेळ २०१२ चा आहे. त्याच्या निर्मात्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर १०,००० डॉलर मागितले होते आणि २ लाखांहून अधिक जमले, हे सगळे मी बरोबर सांगतो आणि साल चुकतो. २०१४ मध्ये त्याची वाढीव आवृत्ती विनामूल्य आली होती, तिचे साल जिभेवर बसले असावे.

भाचा नियमाला चिकटून, मी वस्तुस्थितीला. तासभर वाद झाला. चुकीचे साल लोकांपुढे ठेवणे मला मान्य नव्हते. तो म्हणाला, "पुन्हा बोललास की मग बाकीच्यांना एक न्याय आणि आपल्याला एक झाला की." शेवटी तोडगा निघाला तो वेस्नॉथच्याच धाटणीचा. आवाज तसाच राहील, आणि त्या क्षणी पडद्याच्या खालच्या भागात पिवळ्या अक्षरांत येईल : 'दुरुस्ती : २०१२. निवेदक चुकला आहे. २०१४ हे वाढीव आवृत्तीचे वर्ष.' पाच सेकंद. दुसऱ्या कोणाच्या व्हिडिओत हे पाहिले असते तर मला ते आढ्यतेचे वाटले असते काय, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा, बहिणी येणार म्हणून दुपारपर्यंतच काम. गाण्यांचे नमुने छाटले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी वाजवी वापराची सवलत आहे, पण 'वाजवी' किती सेकंदांचे ते कायदा सांगत नाही. म्हणून प्रत्येक नमुना दहा-बारा सेकंदांचा, आणि त्याच नमुन्याविषयी लगेच बोलणे, असे बंधन घातले. 'पॉलिगोंडवानालँड'च्या प्रती काढायला मोकळीक असली तरी तिलाही हाच न्याय लावला. छाटताना असीम चक्रवर्तींच्या आवाजाचा नमुना एका जागी श्वासाच्या मध्येच तुटत होता, तो एक सेकंद वाढवला.

१७ ऑगस्ट, रविवार

अंतिम रेंडर, म्हणजे सगळे जोडून व्हिडिओची एक फाइल काढणे. लांबी ३१ मिनिटे ४० सेकंद. पहिल्या खेपेस ६८ टक्क्यांवर लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी नावापुरतीच असल्याने पुन्हा पहिल्यापासून. 'इनटू द ब्रीच'मध्ये इमारती पडत गेल्या की ग्रीडची वीज घटते आणि ती शून्यावर आली की डाव संपतो, हे निवेदनात मी सांगतोच. दुसऱ्या खेपेस यूपीएस मागून आणला. कन्नड उपशीर्षके चित्रात कायमची न छापता वेगळ्या फाइलीत ठेवली आहेत, कारण सर तिसऱ्या भागातील 'माघार' या शब्दाला अजून कन्नड प्रतिशब्द बदलत आहेत. आतापर्यंत तीन झाले.

२४ ऑगस्ट, रविवार

वाचनालयात दाखवले. पस्तीसेक माणसे, निम्मी गल्लीतली, चार-पाच उद्यमबागेतल्या कारखान्यांतून थेट पाळीवरून आलेली. गाडीच्या शिट्टीला सगळे हसले, आणि नेमक्या त्याच वेळी बाहेर खरी गाडी गेली तेव्हा पुन्हा हसले. पिवळ्या दुरुस्तीवर कोणी काही बोलले नाही. दाखवून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारले, की ते दिल्लीचे गाणे पूर्ण कुठे ऐकायला मिळेल. भाच्याने त्यांच्या मोबाइलवर लावून दिले. आजोबा खुर्च्या गोळा होईपर्यंत तिथेच बसून ऐकत होते.

बाकी काम : उपशीर्षकांच्या फाइलीत तिसरा भाग, सरांचा चौथा प्रतिशब्द आला की. यूपीएस परत करणे.